स्तन पुनर्रचनेसाठी स्वतःचीच चरबी: ‘स्टेम सेल’च्या नावाखाली नेमकं काय होतं, पायरीपायरीने

सोलापूरकडच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. उजव्या स्तनातली गाठ काढलेली, किमो झालेली, शेक (रेडिएशन) संपून वर्ष उलटलेलं. गाठ काढली त्या जागी खळगा पडला होता आणि शेकामुळे वरची कातडी खाली चिकटून कडक झाली होती. त्यांच्या हातात एका ठिकाणचं खर्चाचं अंदाजपत्रक होतं. त्यात दोन ओळी: ‘फॅट ग्राफ्टिंग’ (चरबी काढून दुसरीकडे भरणं) आणि खाली ‘स्टेम सेल एनरिचमेंट’. दुसऱ्या ओळीची रक्कम पहिलीपेक्षा मोठी. त्यांनी विचारलं, “मॅडम, स्टेम सेल नाही घातल्या तर चरबी टिकणारच नाही का?”

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. मी प्लास्टिक सर्जन आहे, कॅन्सरनंतरच्या स्तन पुनर्रचना करते. थोडक्यात उत्तर असं: पोटातून किंवा मांडीतून काढलेल्या प्रत्येक सिरिंजभर चरबीत मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, आधीपासूनच असतात. चरबी नीट काढली, नीट धुतली आणि नीट पेरली तर त्या आपलं काम करतात. त्यांची संख्या मुद्दाम वाढवून चरबीत मिसळणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आजही संशोधनात आहे. हा फरक कळला की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

चरबी एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवायची कल्पना जुनी आहे. १८९५ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या व्हिन्सेंझ चेर्नी या सर्जनने एका स्त्रीच्या कमरेकडची चरबीची गाठ काढून तिच्या स्तनातली पोकळी भरली होती. पुढे सुईने चरबी सोडायची पद्धत आली, पण १९८७ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी सोडू नका असं सांगितलं. कारण साधं होतं: न टिकलेल्या चरबीत चुन्यासारखे कण जमतात आणि मॅमोग्राफीत ते कॅन्सरसारखे दिसतील ही भीती. त्यानंतर मॅमोग्राफी सुधारली. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी चरबी हळुवार काढून अगदी बारीक थेंबांनी पेरायची शिस्त घालून दिली, फ्रान्सच्या लियाँ शहरात इमॅन्युएल डेले यांनी १९९८ पासून पुनर्रचनेत ती वापरली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या त्याच संघटनेच्या समितीने आपली भूमिका बदलली.

मूलपेशींची गोष्ट मधेच सुरू झाली. २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लायपोसक्शनमध्ये, म्हणजे नळीने ओढून काढलेल्या आणि फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीत, हाड, कूर्चा, चरबी बनू शकणाऱ्या पेशी आहेत. २००७ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाच्या जीनो रिगोत्ती यांनी शेकाने जळल्यासारख्या झालेल्या छातीत नुसती शुद्ध केलेली चरबी पेरली, तर कातडी मऊ पडली आणि न भरणाऱ्या जखमा भरू लागल्या. माझ्यासाठी या सगळ्या विषयातला सर्वात मोलाचा शोध हाच. आकार येतो तो येतोच. पण शेकाने लाकडासारखी झालेली कातडी चिमटीत धरता येऊ लागते तेव्हा बाईच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी अनेकदा पाहिलंय.

पहिली पायरी: कॅन्सरच्या डॉक्टरांची संमती

प्लास्टिक सर्जनकडे येण्याआधी तुमच्या ऑन्कोलॉजिस्टकडे जा. उपचार पूर्ण झालेत का, रोग पुन्हा दिसत नाही ना, औषधं कोणती चालू आहेत, हे लेखी घ्या. शेक घेतला असेल तर शेवटच्या दिवसानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. कातडीची सूज उतरते, लाली जाते, मग खाली काय उरलंय ते कळतं. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी (काहींना एमआरआय) ऑपरेशनच्या आधी करून ठेवायचीच. पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना या चित्रांशी होणार असते. या फिल्म आणि सीडी हरवू नका. मी तर एक प्लॅस्टिकची फाइलच करायला सांगते.

“चरबीतल्या मूलपेशींनी कॅन्सर परत येतो का?” हा प्रश्न इथेच विचारून घ्या. भीती पूर्णपणे निराधार नाही. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींशेजारी या मूलपेशी ठेवल्या तर त्या वाढीला हातभार लावताना दिसल्या आहेत. पण प्रत्यक्ष स्त्रियांमध्ये चित्र वेगळं आहे. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधून आलेल्या अभ्यासात, आणि २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये चरबी भरलेल्या ३०० आणि न भरलेल्या ३०० स्तनांची जुळवून तुलना केली त्यातही, रोग परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. मात्र ही खात्री साध्या चरबीबद्दलची आहे. मूलपेशींची संख्या कृत्रिमरीत्या वाढवलेल्या चरबीबद्दल इतका मोठा आणि लांबचा पुरावा हातात नाही.

दुसरी पायरी: आपल्यासाठी ही पद्धत आहे का

गाठ काढून स्तन राखलेला असेल आणि खळगा भरायचा असेल तर ही पद्धत फार छान बसते. एक-दोन बैठकांत काम होतं. सिलिकॉन बसवल्यावर वरच्या बाजूला कडा दिसत असेल तरीही. पोटाची किंवा पाठीची फ्लॅप (तिथली कातडी-चरबी, कधी स्नायूसकट) बसवली आणि थोडी कमी राहिली, तिथेही.

पण पूर्ण स्तन काढला असेल, कातडी फासळीला चिकटलेली असेल, तर नुसत्या चरबीने नवा स्तन उभा करायला तीन-चार, कधी त्याहून जास्त बैठका लागतात आणि दोन बैठकांत निदान तीन महिन्यांचं अंतर. म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा संसार. ज्या बाईला एकदाच ऑपरेशन करून मोकळं व्हायचंय तिच्यासाठी पोटाची डीआयईपी फ्लॅप किंवा पाठीच्या स्नायूची फ्लॅप बरी. बारीक अंगकाठीच्या बायकांकडे काढायला चरबीच कमी असते हाही प्रश्न. मी सरळ पोट, कंबर, मांड्यांच्या आतली बाजू चिमटीत धरून बघते. मशीन लागत नाही.

वजन स्थिर हवं. बसवलेली चरबी ही पोटाचीच चरबी. वजन वाढलं की तीही फुगते, उपास करून दहा किलो उतरवले की तीही जाते. वजन उतरवायचं असेल तर आधी उतरवा, मग या.

तिसरी पायरी: ‘स्टेम सेल’ या शब्दाची झडती

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे आणि आशा दोन्ही इथेच गळतात.

दवाखान्यांत ‘स्टेम सेल’ म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, साधी लायपोफिलिंग: चरबी काढली, धुतली किंवा फिरवली, परत सोडली. मूलपेशी तिच्यात आहेतच. दुसरी, ऑपरेशनच्या दिवशीच अर्ध्या चरबीवर कोलॅजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) घालून ३७ अंशांवर ती विरघळवायची, सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवायची, तळाशी बसलेला पेशींचा साका वेचायचा आणि उरलेल्या चरबीत मिसळायचा. या साक्यात मूलपेशींबरोबर रक्तवाहिन्यांच्या, रक्ताच्या आणि इतर पेशीही असतात. टोक्योचे कोतारो योशिमुरा यांनी २००८ मध्ये ही पद्धत ४० स्त्रियांत वापरून मांडली, पण ती स्तन मोठे करून घेण्यासाठी, कॅन्सरनंतर नव्हे. तिसरी, पेशी प्रयोगशाळेत नेऊन दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि मग मिसळायच्या.

फायदा होतो का? तिसऱ्या पद्धतीत आकडे मोठे आहेत. २०१३ मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी १० निरोगी माणसांच्या दोन्ही दंडांत ३०-३० मिलिलिटर चरबी सोडली, एका दंडातल्या चरबीत दर मिलिलिटरला २ कोटी वाढवलेल्या पेशी घालून. १२१ दिवसांनी पेशी घातलेल्या बाजूची ८०.९ टक्के चरबी टिकली होती, साध्या बाजूची १६.३ टक्के. हा आकडा जाहिरातींत फिरतो. पण ते दंड होते, निरोगी होते, आणि एवढ्या पेशी ऑपरेशन थिएटरच्या शेजारच्या खोलीत तासाभरात मिळत नाहीत.

दुसऱ्या पद्धतीचा युरोपात रिस्टोअर-२ नावाचा अभ्यास झाला, निकाल २०१२ मध्ये आला. गाठ काढलेल्या ६७ स्त्रियांपैकी ५० जणी वर्षभरानंतर समाधानी होत्या, १० जणींच्या स्तनात तेलाच्या पुटकुळ्या झाल्या, त्या वर्षात त्या जागी कॅन्सर परतला नाही. चांगलं आहे, पण तुलनेला साधी चरबी भरलेला गटच नव्हता. मग श्रेय चरबीचं की साक्याचं हे कसं ठरवणार? २०१३ मध्ये फिनलंडमध्ये दोन्ही शेजारी ठेवून एक छोटी तुलना झाली, तर टिकलेली चरबी जवळपास सारखीच निघाली.

आता कायदा. भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण, तेही ठरावीक आजारांत, एवढाच मूलपेशींचा मान्य उपचार. बाकी सगळं मंजूर चाचणीतच व्हायला हवं. म्हणून कोणी तुम्हाला मूलपेशींनी समृद्ध केलेली चरबी देऊ करत असेल तर हे विचारा: ही चाचणी आहे का? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियामधला नोंदणी क्रमांक काय? तो ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो आणि संकेतस्थळावर कोणालाही फुकट तपासता येतो. नीतिसमितीची मंजुरी कुठली? इजा झाली तर भरपाई कोण देणार? आणि सर्वात सोपी खूण: चाचणीत सहभागी होणाऱ्या व्यक्तीकडून प्रयोगाच्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ज्या गोष्टीचं बिल लावलंय ती चाचणी नाही.

त्या सोलापूरच्या ताईंच्या अंदाजपत्रकात क्रमांक नव्हता. त्यांनी दुसरी ओळ खोडली आणि साधी लायपोफिलिंग करून घेतली.

चौथी पायरी: महिनाभर आधीची तयारी

तंबाखू. आणि तंबाखू म्हटलं की आपल्याकडच्या बायका मान हलवतात, “छे, मी नाही खात.” मी पुढचा प्रश्न विचारते: “मिसरी लावता का?” मग थोडा वेळ शांतता. मिसरीतलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. नव्याने पेरलेल्या चरबीला त्याच वाहिन्यांतून प्राणवायू मिळायचा असतो. निदान चार ते सहा आठवडे आधी मिसरी बंद, आणि नंतरही तितकेच दिवस. यात कोणाला रागावण्यासारखं काही नाही; लहानपणापासूनची सवय असते. पण डॉक्टरांपासून लपवू नका.

साखर ताब्यात आणा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं काही चालू असेल, आयुर्वेदिक चूर्ण-काढे चालू असतील तर सगळ्याची यादी द्या. टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या गोळीमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, म्हणून काही डॉक्टर ऑपरेशनच्या आसपास ती थांबवायला सांगतात. हा निर्णय ऑन्कोलॉजिस्टचा. शेजारणीच्या अनुभवावरून गोळी बंद करू नका.

पाचवी पायरी: ऑपरेशनचा दिवस

सकाळी उभं करून स्केचपेनने खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर खळग्याचा आकारच बदलतो. फोटो काढतात, त्यांत चेहरा येणार नाही हे सांगून ठेवा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातात सलाईन लावू नका अशी आठवण स्वतःहून करा.

छोट्या कामाला जागेची भूल आणि गुंगी पुरते, मोठ्याला पूर्ण भूल. जिथून चरबी घ्यायची तिथे सलाईन, भुलीचं औषध आणि अ‍ॅड्रेनॅलिन यांचं पाणी भरतात. रक्त कमी येतं, चरबी मोकळी होते. मग काही मिलिमीटरच्या छिद्रातून बोथट नळी घालून, कमी दाबाने, हळूहळू चरबी ओढतात. जोर लावून ओढलेली चरबी फुटते आणि फुटलेल्या पेशी टिकत नाहीत. वजन कमी करायच्या लायपोसक्शनपेक्षा हे काम म्हणूनच सावकाश चालतं.

आता स्वच्छ करणं. सिरिंजमध्ये तीन थर दिसतात: वर फुटलेल्या पेशींचं तेल, मधे पिवळी चरबी, तळाशी रक्त-पाणी. तेल आणि पाणी टाकायचं, मधलं ठेवायचं. कोलमन यांची रीत मिनिटाला ३००० फेऱ्यांनी तीन मिनिटं फिरवण्याची. कोणी नुसती स्थिर ठेवून निथळवतात, कोणी सलाईनने धुऊन गाळतात. मी गाळते, पण तिन्ही रीती चालतात. महत्त्वाचं एवढंच की चरबी उघड्यावर कमी वेळ राहावी.

मग पेरणी. हा शब्द मी मुद्दाम वापरते. कोकणात भात लावताना रोपांचा गठ्ठा एकाच जागी रोवत नाहीत. दोन-तीन रोपांचा एकेक चूड, अंतर ठेवून. इथेही तसंच. बारीक नळी आत न्यायची आणि मागे ओढताना चरबीची पातळ रेघ सोडायची. कातडीखाली, खोलवर, स्नायूत, वेगवेगळ्या दिशांनी. कारण योशिमुरा यांच्याच प्रयोगांत दिसलं की पेरलेल्या चरबीच्या कडेची, ३०० मायक्रॉनच्या आतली, म्हणजे मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही पातळ थरातली चरबीच जशीच्या तशी जगते. त्याच्या आतल्या थरात चरबीच्या पेशी दिवसभरात मरतात, पण मूलपेशी प्राणवायूशिवाय जास्त तग धरतात आणि तिथे नवी चरबी तयार करतात. अगदी मधला भाग मात्र मरतो. जाड गोळा सोडला तर हा मेलेला गाभा मोठा होतो, आणि तो गाठ बनून राहतो. मूलपेशींचं खरं काम आहे ते या मधल्या थरात, आणि त्यांना ते करू द्यायचं तर सर्जनचा हात हलका हवा. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही.

कातडी आत ओढून धरणारे व्रण सुईच्या टोकाने आतल्या आत सोडवतात. जरा जास्त सोडवले तर पोकळी होते आणि तिथे चरबी साठते, म्हणून बेताने. डेले यांचं गणित असं की १०० मिलिलिटर हवी असेल तर १४० सोडा, बाकीची विरते. पण शेकाने ताठ झालेल्या कातडीत एवढी कोंबली तर दाबानेच रक्तपुरवठा तुटतो. तिथे मी कमी भरते आणि पुन्हा बोलावते.

सहावी पायरी: घरी गेल्यावर

छातीपेक्षा पोट-मांड्या जास्त दुखतात, याची बहुतेकींना कल्पना नसते. चार-पाच दिवस पायऱ्या चढताना जाणवतं. काळे-निळे डाग दोन-तीन आठवडे राहतात. चरबी काढलेल्या जागी घट्ट पट्टा साधारण चार ते सहा आठवडे. स्तनावर मात्र काहीही घट्ट नको. तारेची ब्रा नको, पालथं झोपणं नको, बर्फाचा शेक नको. पहिले काही आठवडे कळशी उचलणं, कणीक तिंबणं, धुणं पिळणं दुसऱ्याकडे द्या. घरच्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते: बाहेरून दोन-चार टाके दिसतात म्हणून “एवढंसं तर ऑपरेशन” असं म्हणू नका. लांबचा प्रवास असेल तर पहिल्या तपासणीनंतरच परता, आणि वाटेत उतरून पाय मोकळे करा.

ताप, वाढत जाणारी लाली, पू दिसला तर त्याच दिवशी फोन करा. श्वास लागला, छातीत कळ आली किंवा एक पोटरी सुजून दुखू लागली तर फोनची वाट न बघता जवळचं मोठं रुग्णालय गाठा. क्वचितच होतं, पण थांबण्याची ती वेळ नसते.

सातवी पायरी: विरणं, टिकणं, आणि नव्या गाठी

पहिल्या आठवड्यात स्तन सुजून भरलेला दिसतो. दीड महिन्यात सूज उतरते आणि फोन येतो, “मॅडम, सगळं विरलं.” सगळं विरलेलं नसतं. तीन ते सहा महिन्यांत आकार स्थिर होतो. जे तेव्हा असतं ते साधारण तसंच राहतं. पुढची बैठक ठरवायची ती यानंतर.

काही जणींना वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. कॅन्सरमधून गेलेल्या बाईला गाठ लागली की रात्रभर झोप नसते, हे मला ठाऊक आहे. बहुतेक वेळा ती मेलेल्या चरबीची किंवा तेलाची पुटकुळी असते. सोनोग्राफीत ओळखू येते, आणि मॅमोग्राफीत तिच्या कडेने अंड्याच्या टरफलासारखा चुन्याचा पातळ थर दिसतो. पण ‘बहुतेक वेळा’वर थांबायचं नाही: नवी गाठ लागली की दाखवायचीच, आणि शंका राहिली तर सुईने तुकडा काढून तपासायचा.

तपासणीला जाल तेव्हा रेडिओलॉजिस्टना सांगा की इथे चरबी भरली आहे. त्यासाठी फाइलच्या पहिल्या पानावर मी प्रत्येकीला हे लिहून देते: ऑपरेशनची तारीख, कुठून चरबी काढली, कोणत्या स्तनात किती मिलिलिटर सोडली, स्तनाच्या कोणत्या भागात, आणि तिच्यात दुसरं काही मिसळलं होतं का. शेवटच्या रकान्यात ‘नाही’ असेल तर ‘नाही’ असं लिहूनच घ्या. डिस्चार्जच्या कागदावर हा मजकूर नसेल तर सही होण्याआधी मागून घ्या.